सुरुंगातला जास्तीचा उकार

ती सकाळ आठवली की आजही मला आधी घाम फुटतो आणि मग हसू येते. मुलांनो, तुमची आजी तेव्हा इंदूरच्या एका ठाण्याची टीआय, म्हणजे प्रमुख होती.

हजेरी चालू असताना राजेंद्र नगरातून एका मराठी घरमालकांचा फोन आला. "मॅडम, वरचा भाडेकरू पोरगा फोनवर बोलत होता. सुरुंग तयार आहे, अकरा वाजता सगळ्या साहेबांसमोर ठेवतो म्हणे. खोलीत हा एवढा खोका! एकदम सही सांगतोय."

आमचे मुन्शीजी रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या दैनिक नोंदवहीत, सगळे हिंदीत लिहीत. मी त्यांना शुद्ध हिंदीत सांगितले, "लिखिए, बारूद की सूचना." माझ्या हिंदीचा मला फार अभिमान होता.

घर रिकामे केले. घरमालक बनियनवरच रस्त्यात उभे राहिले. बॉम्ब पथकाला बोलावले आणि पोराला ठाण्यात आणले. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, रडकुंडीला आलेला. "मॅडम, ग्यारह बजे सिमरोल में मेरी परीक्षा है. नहीं पहुँचा तो साल गया!"

"सुरुंग तूने बनाया?"

"जी, अकेले ने."

"सिखाया किसने?"

"प्रोफेसर साहब ने."

स्फोट कसा करणार, विचारले. आधी खडकात दारू भरलेली मधली भोके उडवायची, कडेची शेवटी, नाहीतर भोवतालचा खडक खिळखिळा होतो, असे त्याने सांगितले. धूर निघून जाईपर्यंत आत कोणी जायचे नाही. मग छताचे सुटे दगड पाडायचे, लोखंडी बोल्ट ठोकायचे, वरून सिमेंटचा फवारा मारायचा. भिंत सरकते आहे का, ते रोज मोजायचे. इतका मोकळा आरोपी मी पाहिला नव्हता. मुन्शीजींची लेखणी धावत होती.

मी शेवटचा बाण सोडला. "और भागने का रास्ता?"

पोराचा चेहरा उजळला. "थोड़ी-थोड़ी दूर पर है, मॅडम! उसके बिना तो कोई पास ही नहीं करेगा."

मुन्शीजींनी लेखणी खाली ठेवली. "मॅडम, बारूद में छत किधर से आई? ये भिया तो रेल वाली सुरंग बता रहा है."

ठाण्यात कोणी हसले नाही. माझ्याकडे बघायचीच कोणाची हिंमत नव्हती. हिंदीत सुरंग म्हणजे बोगदा. मराठीत सुरुंग म्हणजे स्फोटक. घरमालकांनी एक उकार वाढवला आणि मी त्याची बारूद केली.

तोवर पथकाने खोका उघडला होता. आत थर्मोकोलचा डोंगर आणि त्यात दिव्यांचा बोगदा. सव्वादहा झाले होते. वाटेत डोंगर उचलला आणि सायरन लावून जीप शहराबाहेर सिमरोलच्या कॉलेजकडे पळवली. डोंगर माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला पोरगा ओरडे, "मॅडम, छत!"

अकराला पाच मिनिटे कमी असताना आम्ही पोचलो. तो पास झाला. पेढे घेऊन आला तेव्हा घरमालकही सोबत होते. "मी ऐकलं तेच सांगितलं हो," ते पुन्हापुन्हा म्हणत होते.

त्या पोराने सांगितलेले एक मी विसरले नाही. बोगदा एकदम कोसळत नाही. आधी भिंत केसभर सरकते. ते वेळीच मोजले तर दुरुस्ती जमते. शब्दही तसेच सरकतात. पोराच्या तोंडून घरमालकांकडे, तिथून माझ्याकडे, आणि मधे कोणीच मोजले नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत प्रत्येक खबऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: "तो नेमका कोणत्या शब्दांत बोलला?"

त्या दिवसाची अखेरची नोंद मात्र मुन्शीजींनी मला न विचारताच केली होती: "बारूद नहीं मिला. सुरंग मिली. भागने के रास्ते पर्याप्त."