जेवताना येणारी गाठ

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमारास माझ्या जबड्याखाली, उजव्या बाजूला, एक गाठ येऊ लागली. ताटावर बसलं की यायची, खरकटं काढेपर्यंत ठणकत राहायची आणि दुपार कलायच्या आत जिरूनही जायची. जेवायचंच कशाला, आईनं लसणीची फोडणी टाकली तरी माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि जबड्याखाली ओढ बसायची. मुळात मी उतावळी. घास चावायचा असतो हेच मला ठाऊक नव्हतं, गिळला की मोकळी. आता तर जेवणवेळ झाली की मी गोठ्यात, परड्यात, विहिरीवर, कुठंही भटकायची, पण चुलीपाशी थांबायची नाही.

आईच्या मनात एकच शब्द होता आणि तो ती उच्चारत नव्हती. गंडमाळा, म्हणजे मानेला गाठी उठवणारा क्षय. आमच्या कडेगावच्या बाजूला हा शब्द चारचौघांत फुटला की ठरलेली सोयरीक मोडायची, पाठच्या बहिणींचीही रखडायची. आणि माझं तर जुळत आलेलं. मुलगा लष्करात, घर फलटणकडचं, पाटाखालचा ऊस. रजेवर येईल, लग्न उरकेल, परत जाईल, असं बोलणं चाललं होतं.

बघायला आले तो सोमवार होता. पसंती झाल्यावर मुलाच्या आईनं एका हातानं माझी हनुवटी धरली आणि दुसऱ्या हातानं गुळाचा खडा ओठांशी आणला. नव्या गुळाच्या वासानंच माझं तोंड भरून आलं. जबडा ओढायला लागला. मी मान वळवायला बघतेय आणि त्यांचा हात काही हनुवटीखालून निघत नाही. तेवढ्यात आई दारातून जवळजवळ ओरडलीच.

"नगं, नगं! आज सोमवार हाय. तिचा कडक उपास असतोय."

मी जन्मात उपास केलेला नव्हता. त्या बाई माझ्याकडं बघत राहिल्या, मग आईकडं. मग त्यांनी गूळ ताटलीत ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "लय देवभोळी दिसतीया."

देण्याघेण्याचं ठरवायला मंडळी गुरुवारी आली, तेव्हा आईनं दत्ताला मध्ये घातलं. साखरपुड्याला शनिवार निघाला, तिथं मारुती धावून आला. मी चिडून विचारलं, "आये, आन् मंगळवारी आली म्हंजे?"

"गणपती हाय की," आई म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

पण लग्नात घास भरवायचा असतो, साऱ्या मांडवासमोर, आणि त्या घासाला कुठला देव आड येणार? आईची झोप उडाली. मावशीला भेटायचं निमित्त काढून ती मला सर्व्हिस मोटारीनं सांगलीला घेऊन गेली. मोटारीत मी सारखी पदराखालून जबडा चाचपत होते. ती सारखी माझा हात खाली ओढत होती.

तिथल्या डॉक्टरांनी आधी काही तपासलंच नाही. लिंबू मागवलं आणि माझ्यासमोर कापलं. बघता बघता गाठ वर आली. आईनं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी एक बोट माझ्या जिभेखाली घातलं, दुसऱ्या हातानं जबडा खालून दाबला आणि ते हसले.

"गंडमाळा नव्हेत हो. गंडमाळेची गाठ लिंबू बघून येत-जात नाही."

मग त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या. एक कानांपुढं, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. जबड्याखालच्या ग्रंथीची बारीक नळी जिभेखाली उघडते. माझ्या त्या नळीत खडा अडकला होता. खाण्याचा वास आला की ग्रंथी लाळ सोडायची, पुढं वाट बंद, म्हणून ती फुगायची. लाळ हळूहळू झिरपली की उतरायची. सुई टोचून जागा बधिर केली, जिभेखाली छोटीशी चीर दिली आणि खडा बाहेर काढला. पिवळट, जोंधळ्याएवढा. एवढ्याशा खड्यानं आमच्या घरातली जेवणं विषासारखी करून टाकली होती.

"आता सावकाश चावून खा," डॉक्टर म्हणाले. "भाकरी चावता चावता गोड होते. ते लाळेचंच काम."

परतताना आईनं मला शपथ घातली. "सासरी तोंडातनं बी काडू नगंस. खोटं बोलली म्हनत्याल. देवाला मदी घातलंय म्या."

लग्नातला घास निभावला. नवरा पलटणीत परत गेला आणि माझ्या वाट्याला सोमवार, गुरुवार, शनिवार आले. सासूबाई त्या दिवशी न बोलता रताळी उकडून ठेवायच्या. आता तोंडाला मोकळं पाणी सुटायचं, भूक पोटात मावायची नाही, आणि बायका भाकरी-आमटीला बसल्या की मी पुन्हा परड्यात फेऱ्या मारायची. आईचा राग यायचा, देवांचा यायचा, रताळ्यांचा तर फारच.

एका शनिवारी मला राहवेना. परड्यातून आले ती तडक चुलीपुढं बसले.

"आत्याबाई, मला भाकरी वाडा. म्या उपास करत न्हाई. कवाच करत नव्हते. आई खोटं बोलली."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "मला ठावं हाय. त्या गुळाच्या दिशी गाठ माज्या हातातच फुगली."

"मग मोडलं का न्हाई?"

"माज्या धाकट्या भणीला गंडमाळा हुत्या. ठरलेलं मोडलं, आन् ती आमच्याच घरात झुरून गेली." त्यांनी विस्तव मागं ओढला. "तुजी आई दारात कापत हुती. म्या म्हटलं, आपल्या हातनं आनि एक नगं मोडाया. गाठ दिसू ने म्हनून तू उपासाचं निमित करतीस, बाकीच्या दिशी पदराआड जेवतीस, आसंच समजले. म्हनून इचारलं न्हाई."

म्हणजे ही बाई इतके दिवस मला गंडमाळेचीच समजून सांभाळत होती. मी रडत रडत सगळं सांगितलं, लिंबू, नळी, खडा. त्यांचा विश्वास बसेना. त्या पुढं सरकल्या, माझ्या हनुवटीखाली त्याच जागी हात धरला आणि आमटीत बुडवलेला घास माझ्या तोंडात घातला.

"चाव," त्या म्हणाल्या.

मी चावत राहिले. भाकरी खरंच गोड झाली. घास संपला तरी जबड्याखाली काही आलं नाही, आणि सासूबाईंनी हात काही काढला नाही. त्यांनी मोकळ्या हातानं दुसरा घास मोडला.