बुवांच्या तोंडी परका गळा

१७ फेब्रुवारी १९६६, बुलढाणा

दिवाळीपासून या वहीत एक ओळ नाही. परीक्षा झाल्या, घरात आजारपण झालं, पण खरं कारण आळस. ही प्रवासाची पानं ज्या मैत्रिणी मागून वाचतात त्यांची माफी मागते आणि पिंपळगाव राजाला जाऊन आले ते सांगते.

जाणं ठरलं शेवंताताईंमुळे. मी शिकवते त्याच शाळेत त्या शिवण शिकवतात. त्यांचे थोरले भाऊ नथ्थूबुवा मिरची-वांगी पिकवतात आणि खंजिरीवर भजनं गातात. मुंबईच्या काही मंडळींनी मागच्या हिवाळ्यात गावच्या चौकात येऊन त्यांचं भजन कॅमेऱ्यात घेतलं होतं. तो चित्रपट आता फिरत्या तंबूतून गावात येणार होता.

"दादानं नवं धोतर घेतलं, बाई. वर्षभर त्याले दुसरा इषयच नाई," ताई म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो. कोणी जाणार असाल तर खिडकी धरा, बोथ्याच्या घाटात पळस नुकता पेटलाय. खामगावला चहा-भजी खाऊन गाडी बदलली. पुढचा रस्ता कच्चा, डोक्याला रुमाल हवाच. बुवांकडे भाकरी आणि पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा होता. रस्सा इतका जाळ की माझ्या नाकातून पाणी आलं. बुवा हसून म्हणाले, "खा बाई, आमच्याच मिरच्या हायेत. ओळख देऊन राह्यल्या."

बुवांच्या भजनाची गावात एक रीत आहे. पहिली ओळ ते म्हणतात आणि थांबतात. दुसरी ओळ गावाची. जो जिथे असेल तिथून ती उचलतो, कापडवाले रशीदभाई दुकानाच्या पायरीवरून, बाया विहिरीवरून. 'विहिरीत पडला चांद, काढावा कोणी' हे बुवांचं. 'दोर सरला बापा, चांद तिथंच' हे सगळ्यांचं. बुवांचा गळा रापलेला, वर चढताना फाटणारा. तरी दुपारी चौकात ऐकत बसले, उठवलं नाही.

दिवेलागणीला तंबू भरला. तिकीट पंचवीस पैसे, बसायला जमीन. बुवा सर्वांत पुढे, घोंगडीवर. पडद्यावर चौक दिसला आणि एकच गलका झाला.

"अबे, तो पाह्य, मी!"

"तुह्यापरीस तुहा बैल बरा दिसते बे!"

मग पडद्यावरच्या बुवांनी तोंड उघडलं. आवाज भलत्याच कुणाचा तरी होता. तरुण, रेशमासारखा. हात खंजिरीवर पडत होता आणि ऐकू येत होता तबला. चाल बदललेली. दुसऱ्या ओळीला सारं गाव तोंड उघडत होतं आणि त्या तोंडांतून गाणं शिकलेल्या बायकांचा गोड मेळ येत होता.

आता गाव चिडणार, दगड पडणार, असं मला वाटलं. तेवढ्यात रशीदभाई उठून ओरडले, "वा रे वा! मशीननं बुवाचा गळा काय साफ करून टाकला!"

"वन्स मोर! वन्स मोर!"

शेवंताताई तावातावानं चित्रपट दाखवणाऱ्या मशीनवाल्याकडे गेल्या. मीही मागोमाग. तो शांतपणे म्हणाला, "तुमचे लोक मधेच गात होते ना, आवाज सगळा खराब आला. मुंबईला दुसऱ्याकडून गाऊन घेतलं. सगळीकडे तसंच करतात."

म्हणजे गावाच्या प्रेमानंच बुवांचा आवाज पुसला होता.

चित्रपट संपला तशी लोकांनी बुवांना उभं केलं. हार घातला. "आता समोरून होऊन जाऊ द्या!" बुवांनी खंजिरी घेतली, आपल्या जुन्या चालीत पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

गावानं दुसरी ओळ उचलली. चित्रपटातल्या चालीत.

बुवांचा हात खंजिरीवर तसाच राहिला. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग पुढची ओळ तेही त्या नव्या चालीत म्हणू लागले. वरच्या सुराला गळा पोचेना, फाटला. कोणीतरी खुशीत ओरडलं, "हां, आता जमून राह्यलं!"

परतताना ताई रडवेल्या झाल्या होत्या. "काऊन गप राह्यला तू? तो गळा तुहा नाई, सांग ना लोकायले."

"कायले सांगू? खुश हायेत सारे." थोडं चालून ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शिकेल-सवरेल हायेत, खरं सांगा. कोनाचा का असंना, चांगला होता ना गळा?"

मी म्हटलं, "चांगला होता. पण मी त्याच्यासाठी आले नव्हते." हे पुरेसं होतं का? तंबूत उभं राहून मी बोलायला हवं होतं का? की पाहुणीनं गावाचा आनंद मोडायचा नसतो, ही मी स्वतःला दिलेली सबब? अजून ठरवता येत नाही. तंबू तर आता जानेफळला निघाला आहे, बुवांचंच नाव लावून.

रविवारी परतीच्या गाडीत खामगाव सुटल्यावर मी सहज गुणगुणू लागले. घाट लागेपर्यंत लक्षात आलं नाही, की ओठांवर होती ती नवी चाल. थांबले. जुनी आठवायचा प्रयत्न केला. शब्द आले, चाल आली नाही. आज चार दिवस झाले, भांडी घासताना, फळ्यावर लिहिताना, मी ती शोधते आहे. गावाला नावं ठेवायला मी कोण?

उद्या: मधल्या सुट्टीत शेवंताताईंना पहिली ओळ जुन्या चालीत म्हणायला सांगणे, आणि दुसरी आपण धरणे.