वरच्या रांगेतला मामा

पनवेलच्या बाजारात मनिषा भोईरच्या दुकानात एकदा जो चेहरा शिरला, तो गोरा होऊनच बाहेर पडला. उरणपासून पळस्प्यापर्यंत कुणाचा वाढदिवस असो, दुकानाचं उद्घाटन असो की हळद, बॅनर मनिषाचाच. खारघरला कॉम्प्युटर शिकून आलेल्या या बाईने घरच्यांच्या नाकावर टिच्चून फ्लेक्स छापायचं मोठं मशीन घेतलं, तेव्हा सासरे म्हणाले होते, "बाटल्याच्या बाटल्या शाई पिणारं हे धूड पोसणार कोण?" आता तेच सासरे गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगतात, "जरा थांबा, सूनबाई तुमचं पोट आत घेतेय."

हळदीच्या बॅनरचे म्हणून काही कायदे असतात आणि ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मधे गॉगल लावलेला नवरदेव. खाली भाऊ, चुलते, मित्र, शेजारी. एक जरी राहिला तरी मांडवात भांडण ठरलेलं. आणि सगळ्यांत वर, ढगांमध्ये, घरातली गेलेली माणसं, आशीर्वाद द्यायला. मनिषाला हे डोळे मिटून जमायचं. कल्पेश नावाच्या एका नवरदेवाच्या हळदीला तिने ते खरोखरच डोळे मिटून केलं आणि घोळ झाला.

पेन ड्राइव्हमधून आलेले फोटो सगळे रंगीत होते, दोनच जुने, कृष्णधवल. एक कल्पेशच्या मामीचा. भामामामी त्याच्या जन्माआधीच वारली होती. दुसरा कुणी मिशीवाला तरुण. कृष्णधवल माणूस म्हणजे गेलेला, हा मनिषाचा रोजचा ठोकताळा. तिने दोघांना शेजारी शेजारी ढगांत बसवलं, हार घातले आणि बॅनर गावाच्या वेशीवर लागलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी कल्पेशचा फोन. "ताई, तुमी आमच्या शिवामामाला जित्तेपणी वर पाठवलंत की!"

मिशीवाला तरुण म्हणजे कल्पेशचा मामा, आता म्हातारा झालेला, पण ठणठणीत. मिठागरावर जन्म गेलेल्या या माणसाने पुन्हा कधी फोटो काढून घेतलाच नव्हता, म्हणून घरच्यांनी तोच देऊन टाकला. बॅनर पाहून तो मुकाट्याने घरी जाऊन बसला होता. बोलवायला गेलेल्यांना म्हणे, मेलेला माणूस लग्नाला कसा येईल? आणि ज्या मामाने लहानाचा मोठा केला, तो पाठीशी उभा नसेल तर कल्पेश बोहल्यावर चढायला तयार नव्हता.

चार लोकांनी नावं ठेवली असती तर मनिषाने ती गिळली असती, पण आपल्या हातून एका पोराचं लग्न अडतंय हे तिला सोसेना. तिने कॅमेरा घेतला, स्कूटी काढली आणि थेट मामाचं दार गाठलं.

शिवामामा ओट्यावर विडी ओढत बसला होता.

"मामा, चूक माझी आहे. हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण लग्नाला चला."

"शिव्या कशा देऊ पोरी? मेलेली मानसं शिव्या देत नाय."

मनिषाला हसू फुटलं आणि लगेच भीतीही वाटली. पण मामाच्याही मिशा हलल्या. मग तिने त्याला उजेडात बसवून फोटो काढला. बोळक्या तोंडाचं हसू त्यात अगदी छान आलं.

"हा नवरदेवाच्या अगदी शेजारी लावते. आजच नवा बॅनर चढवते."

"मंग येतो," मामा म्हणाला. मनिषाचा जीव भांड्यात पडला. ती स्कूटीकडे वळली, तशी मागून हाक आली.

"पोरी, त्या जुन्या बॅनरचं काय करनार?"

जुने फ्लेक्स लोक पावसाळ्यात छपरावर घालतात. मनिषाला वाटलं, म्हाताऱ्याचं घर गळत असेल. "तुम्हालाच देते ना. अख्खा घ्या."

"अख्खा नको. वरची दोघं तेवडी कापून दे." मामा विडी विझवत राहिला. "भामाबरूबर माझा एक बी फोटू नाय. आमच्या लग्नात कोन काढतो? काल वेशीवर दोघांना बगितला तं पाय हालंनात. मी रागानं नाय घरी बसलो."

मनिषाचे डोळे भरून आले. घाईघाईने ती म्हणाली, "कापून कशाला? कॅनव्हासवर छापून देते, चौकटीसकट, भिंतीवर लावायला. हार काढून टाकते. आणि मामींच्या शेजारी आजचा रंगीत फोटो घालते, हसरा."

"नको, नको!" मामा एकदम उठून उभाच राहिला. "जुनाच ठेव. या म्हाताऱ्याला ती कुठं वळखंल?"