मशाल सगळ्यांच्या म्होरं

शांतता समितीत नऊ वर्षं काढली की माणूस शांत राहत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो! मी मराठीचा रिटायर मास्तर. अक्षर बरं, म्हणून मीटिंगचं प्रोसिडिंग लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. सण आला की पोलीस स्टेशनातून फोन येतो. आम्ही जमतो, चहा पितो, सगळे धर्म एकच असल्याचा ठराव करतो आणि आपापल्या धर्मात परत जातो. ठराव वहीत राहतात, किस्से डोक्यात. वही भरली की नवी मिळते, डोक्याचं काय करायचं?

*

आमचे अध्यक्ष अण्णा पाटील. ऊस भरपूर, भाषण त्याहून भरपूर. ‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द त्यांना चहाच्या आधी एकदा आणि चहानंतर दोनदा लागतो.

एकदा पेपरसाठी फोटो काढायचा होता. अण्णांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि ती बाबूभाई मुलाणींवर थांबली. बाबूभाई ट्रॅक्टर मेकॅनिक, गावातल्या पिराची सेवाही त्यांच्याच घराकडं. गॅरेजमधून थेट आलेले, अंगात ग्रीस लागलेला शर्ट.

“बाबूभाई, टोपी कुठाय? फोटोत मुस्लिम कोण ते कळाय नको?”

“टोपी धुण्यात हाय,” बाबूभाई म्हणाले. “पर अण्णा, तुमच्या कपाळाला गंध न्हाई. तुमी कोण म्हणून सांगायचं?”

अण्णांनी फोटो पुढच्या मीटिंगला ढकलला.

*

त्याच अण्णांनी रमजानात इफ्तार ठेवली. बॅनरवर चंद्रापेक्षा अण्णांचा चेहरा मोठा! साडेपाचलाच त्यांनी बंधुभावावर बोलून घेतलं, दोन खजूर तोंडात टाकले आणि चप्पल घातली. वाईला लग्न गाठायचं होतं.

बाबूभाई दारापर्यंत सोडायला गेले. “या अण्णा. तुमचा रोजा सुटला, आमचा अजून तासभर हाय.”

*

आमच्याकडं इंग्रजांच्या काळातलं एक दगडी चर्च आहे. साहेब गेले, चर्च राहिलं आणि त्यात प्रार्थनेला येणारी अकरा माणसं राहिली. नाताळच्या मीटिंगला रूथ सिस्टर आल्या. आमच्या निम्म्या समितीला पहिलं इंजेक्शन त्यांनीच दिलेलं.

इन्स्पेक्टर साहेब नवे होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “गाण्यांच्या आवाजाचा लोकांना त्रास होणार नाही ना?” ज्या गावात गणपतीच्या डीजेनं खिडकीच्या काचा पडतात, त्या गावात हा प्रश्न!

सिस्टर म्हणाल्या, “साहेब, एक पेटी आणि अकरा माणसं. त्यातल्या चौघांना तर ऐकायलाच येत नाही.”

तरीही समितीनं दोन अटी घातल्या. त्या लिहिताना मला स्वतःच्या अक्षराची लाज वाटली.

*

आता कांबळे सुभेदार. फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, मीटिंगला मिनिटभरही उशीर नाही. त्यांचं मागणं नऊ वर्षं एकच: बुद्धपौर्णिमेची मिरवणूक मेन पेठेतून जाऊ द्या. गणपती पेठेतून जातो, ताबूत पेठेतून जातात. बुद्धमूर्ती तेवढी बायपासनं, उसाच्या ट्रॉल्यांमागून!

समिती नाही कधीच म्हणाली नाही. एका वर्षी म्हणाली, विजेच्या तारा खाली आहेत. सुभेदारांनी बांबू घेऊन तारा मोजल्या आणि मीटिंगला तोच बांबू घेऊन आले. “मूर्ती साडेचार फुटांची. गणपती अकरा फुटांचा. तो जातो तवा तारा उठून उभ्या ऱ्हात्यात व्हय?”

मग समितीला आठवलं की पिराचा उरूसही वैशाखी पौर्णिमेलाच असतो. अण्णा म्हणाले, “पेठ एक, पौर्णिमा एक. कसं जमायचं गड्या?” बाबूभाई म्हणाले, “आमची हरकत न्हाई.” त्यांचं म्हणणं लिहू नका, असं मला सांगण्यात आलं.

त्या दिवशी सुभेदार माझ्या घरी आले. “मास्तर, आई नव्वदीला आली. ती ल्हान हुती तवा पेठ आली की चपला हातात घ्याय लागायच्या. तिच्या डोळ्यांदेखत बुद्धाची मूर्ती एकदा त्याच पेठंतनं जावी, एवढंच हाय.” मी चहा टाकला.

*

यंदा उरुसाला मंत्री येणार असं ठरलं आणि अण्णांना परंपरेची उबळ आली. जुनी माणसं सांगतात, उरुसाच्या मिरवणुकीपुढं मशाल असायची आणि ती कांबळ्यांच्या घराकडं होती. धर्मांतरानंतर त्यांनी ते काम टाकलं.

“सुभेदार, ह्यो मान तुमचा हाय!” अण्णांनी माझ्या वहीकडं बोट केलं. “लिवा मास्तर. मशाल कांबळ्यांची, आन् मशाल सगळ्यांच्या म्होरं.”

नऊ वर्षं पेठ नाकारायची आणि वर मशाल धरायला बोलवायचं! माझं पेन थांबलं. सुभेदार मात्र शांतपणे म्हणाले, “धरतो. मशालीसंगं माणसं किती आणू?”

“आणा की पायजेल तेवढी! आपल्यात काय भेदभाव हाय व्हय?”

टाळ्या पडल्या. ठरावावर अण्णांनी सही केली, साहेबांनी शिक्का मारला.

पौर्णिमेला संध्याकाळी वेशीत आधी मशाल दिसली. ती धरून सुभेदार, छातीवर मेडल. मागं बाबूभाईंच्या गॅरेजमधला ट्रॅक्टर, ट्रॉलीत साडेचार फुटांची बुद्धमूर्ती आणि मूर्तीशेजारी सुभेदारांची आई. तिच्यामागं पांढऱ्या कपड्यांत अख्खी वस्ती. त्यामागं पिराचा संदल, डोक्यावर चंदनाचं ताट घेतलेले बाबूभाई आणि सगळ्यात मागं फेटा बांधलेले अण्णा, मंत्र्यांच्या शेजारी.

साहेब धावत माझ्याकडं आले. मी वही उघडून ठराव दाखवला: मशाल सगळ्यांच्या म्होरं, माणसं पायजेल तेवढी. त्यांनी स्वतःचा शिक्का पाहिला आणि वही मिटली.

पेठेतलं पहिलं दुकान आलं तशी म्हातारीनं हात वर केला. ट्रॉली थांबली. वस्तीतल्या दोघींनी धरून तिला खाली उतरवलं. पायांत नवीकोरी चप्पल होती. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल. अख्खी मिरवणूक तिच्या चालीनं चालू लागली.

मागून अण्णांचा आवाज आला, “आरं म्होरं काय अडलंय?”

बाबूभाईंनी ताट सावरलं आणि मागं वळून सांगितलं, “काय अडलं न्हाई अण्णा. आई चालत्यात. तुमी या सावकाश मागनं.”