चावीवाल्याने घासलेला अंगठा

आमच्या बाळकुममधल्या नव्या फ्लॅटला चावीच नाही. अंगठा ठेवला की दार उघडतं. एकदा कणीक मळता मळता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आले आणि मागे दार लागलं. आत गॅसवर कुकर, आत फोन, आणि कुलपाचा नंबर त्या फोनमध्ये. अंगठा गाऊनला पुसपुसून टेकवला, पण कुलूप इतकं हुशार, की कणकेने माखलेली बाई त्याला घरातली वाटेचना. आत तिसरी शिट्टी झाली.

वॉचमन नाक्यावरच्या चावीवाल्या काकांना घेऊन आला. कमरेला जुडगा, कानामागे पेन्सिलीसारखी बारीक कानस. त्यांनी कुलूप वरून बघितलं, वाकून खालून बघितलं.

"ताई, चावी घालायची कुठे?"

"चावी नसते हो काका. अंगठा लागतो."

"मग तो दाखवा की!"

त्यांनी माझा अंगठा उजेडात धरून निरखला. "खाचा बुजल्यात," म्हणाले. मग पिशवीतून दात घासायचा जुना ब्रश काढला, रॉकेलचा थेंब टाकून अंगठा खसाखसा घासला, फुंकर मारली आणि स्वतःच धरून कुलपावर टेकवला. दार उघडलं.

मी धावत जाऊन गॅस बंद केला. परत आले, तर काका चिंतेत उभे.

"ताई, कुठल्याही चावीची डुप्लिकेट करून देईन. हिची नाही जमायची. जपून वापरा."

तेव्हापासून आमच्याकडे भांडी नवरा घासतो.