कबड्डीशिवाय दुसरा शब्द नाही

आमच्या सरांचा नियम एकच होता. मैदानात पाऊल टाकलं की तोंडातून 'कबड्डी' सोडून दुसरा शब्द काढायचा नाही. 'आई गं' तर नाहीच नाही. गुडघा सोलवटला, बोट उलटं झालं, कुणाचं डोकं नाकावर आपटलं, तरी ओठ मिटलेले हवेत. जिच्या तोंडून आवाज निघेल तिच्यापायी बाकीच्या पोरींनी कालव्यापर्यंत पळत जाऊन यायचं, आणि तिनं स्वतः सावलीत उभं राहून ते बघायचं. खरी शिक्षा बघणारीलाच होती. धापा टाकत परत आलेल्या मैत्रिणी जशा तिच्याकडे बघायच्या, ते एकदा सोसलं की पुन्हा कण्हायची छाती व्हायची नाही.

सर दुष्ट नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडाल, आणि ते काम मी पुष्कळ वर्षं केलेलं आहे. ते वरचे, आहुप्याकडचे. भाताच्या खाचरात वाढलेले, डोंगर उतरून शाळा शिकलेले. दोन हजार सालाच्या आसपास ते बदली होऊन आमच्या गावात आले. जुन्नर तालुक्यात, बोरीच्या बाजूला आमचं गाव. आल्या आल्या त्यांनी मुलींचा कबड्डी संघ काढला. गावातल्या पोरांनी दात काढले, बायकांनी नाकं मुरडली. सरांनी कुणाला उत्तर दिलं नाही. आम्हाला मात्र म्हणाले, "लोकं हसत्यात तवर हसू द्या. तुमी रडला नाय म्हंजी झालं."

मैदान आम्हीच केलं. कुदळीनं उकरलं, खडे वेचले, कालव्याचं पाणी हंड्यांनी आणून माती भिजवली आणि फळी ओढून सपाट केली. सकाळी शाळेआधी पळायचं, संध्याकाळी शाळा सुटल्यावर चढाया आणि पकडी. अंग इतकं ठणकायचं की पाटावर बसून जेवताना मांडी घालता यायची नाही. तरी दुसऱ्या दिवशी आम्ही हजर. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं लई आवडायचं.

संघाची जान होती माझी चुलत बहीण. माझ्याहून वर्षानं मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. तिचा दम असा लांब की समोरच्या पोरी तो सुटायची वाट बघून कंटाळायच्या, आणि त्या कंटाळल्या की ही दोघींना शिवून परत. काकांनी तिला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. जिल्ह्याचे सामने घोडेगावला होणार होते. तिथं निवड झाली तर पुण्याला खेळाच्या वसतिगृहात राहून शिकायचं. नाही झाली तर दहावी झाल्यावर पावणं बघायला सुरुवात. ताईला घोडेगाव म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी आमच्याकडे वाघाची भीती होती. बिबट्याला आमच्याकडे सरसकट वाघच म्हणतात. ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि आमची वाट कालव्याच्या कडेनं, उसाला लागून. वरच्या वस्तीवर शेळ्या गेल्या होत्या, कुत्री गेली होती. गवत कापायला बसलेल्या एका बाईवर त्यानं भरदिवसा झडप घातली होती. आई रोज बजावायची, "रस्त्यानं बोलत या गं. आन् कायबी झालं तरी खाली बसू नका. बसलेलं माणूस त्याला शेळीवानी दिसतं."

सरांना हे कळल्यावर त्यांनी त्यातूनही सराव काढला. घरी जाताना एकीनं 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम धरायचा, तिचा सुटला की पुढचीनं उचलायचा. "दमबी वाढंल आन् वाघबी लांब राहील," म्हणाले. मग रोज दिवस मावळताना आमची ती माळ उसाच्या कडेनं चालायची. शेतात पाणी धरणारे लोक म्हणायचे, "आल्या कबड्डीवाल्या." गप्प झालो की काय होईल, याचा विचार मी मुद्दाम करायची नाही.

घोडेगावच्या आदल्या आठवड्यात ताईची पकड झाली. चौघी तिच्यावर पडल्या. मी कोपऱ्यात उभी होते. मला कट् असा बारीक आवाज ऐकू आला. ढीग सुटला, ताई उठली, माती झटकली आणि आपल्या जागेवर गेली. तोंडातून शब्द नाही. पण त्या दिवसापासून ती हसायची बंद झाली. दप्तर डाव्या खांद्यावर घ्यायची ते उजव्यावर घेऊ लागली. पाणी घोटघोट प्यायची. झोपताना कुशीवर वळायची नाही.

मी सरांना जाऊन सांगितलं. "सर, ताईच्या बरगडीत दुखतंय."

सरांनी तिला बोलावलं. "दुखतंय का गं?"

"न्हाई सर."

त्यांनी हातातल्या छडीचं टोक तिच्या बरगडीवर टेकवलं आणि दाबलं. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ताईनं पापणीसुद्धा हलवली नाही. मग त्यांनी जरा आणखी दाबलं. ताई समोर बघत उभी.

"काय नाय झालेलं," सर मला म्हणाले. "लागलं असतं तर वरडली असती."

ते अगदी मनापासून म्हणाले. ज्या पोरीचं ओरडणं त्यांनी स्वतः काढून घेतलं होतं, तिच्या ओरडण्याची ते वाट बघत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी आम्ही घरी निघालो. बाकीच्या पोरी आपापल्या वाटेला लागल्या आणि ताई आणि मी उरलो. मी पुढं, ती मागं. माझा दम संपला, तिनं उचलला. "कबड्डी कबड्डी कब..." आणि थांबला. ताईचा दम एवढ्यात सुटतो होय? मला वाटलं चेष्टा करतेय. मी पुन्हा एक दम काढला आणि थांबले. मागून काहीच नाही.

वळून बघितलं तर ताई कालव्याच्या कडेला खाली बसली होती. दोन्ही हात बरगडीवर. जे कधीच करायचं नाही तेच. तिच्या बाजूच्या उसाची पाती हलत होती, आणि वारा नव्हता. वस्तीवरची कुत्री, जी या वेळेला एरवी उच्छाद मांडतात, ती चिडीचूप.

"ताई, ऊठ! वरड की!"

तिनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. श्वासच आत जात नव्हता तर आवाज कुठून येणार? मी पळत जाऊन तिला काखेत धरून उठवलं. मला 'वाघ' म्हणायचं होतं, 'धावा' म्हणायचं होतं. तोंडातून निघालं 'कबड्डी'. तेच म्हणत सुटले, घसा फाटेपर्यंत. आम्ही चाललो की उसातली सळसळ चालायची, आम्ही थांबलो की थांबायची. मी इतकी घाबरले होते की ताईचं वजनही मला जाणवत नव्हतं.

समोरून डेअरीला दूध घालायला निघालेला एक जण मोटारसायकलवर आला. दिव्याचा झोत पडला, त्यानं हॉर्न दाबून धरला आणि सळसळ आत आत गेली. सकाळी लोकांनी बघितलं, ताई बसली होती तिथून हातभर अंतरावर ओल्या मातीत पंजे उमटले होते.

सरकारी दवाखान्यात आम्ही सगळ्या पोरी जमलो. सरही आले, दारात उभे राहिले. बरगडी मोडली होती आणि तिचं टोक आत वळलं होतं. डॉक्टरीणबाई सरांकडे बघून म्हणाल्या, "हिला खेळवत होता तुम्ही?" बाहेर पायरीवर काका माझ्या वडिलांना सांगत होते, "आता घोडेगाव कसलं. पावणं बघायचं." खिडकी उघडी होती. ताईला ते स्पष्ट ऐकू गेलं.

डॉक्टरीणबाईंनी दुखऱ्या जागेवर बोटं ठेवली. "इथं दुखतंय?"

ताईनं त्यांच्या खांद्यावरून दाराकडे, सरांकडे बघितलं. "न्हाई."

डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, तोंड बंद. सर आत आले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पोरी, वरड. म्या सांगतो ना, वरड."

ताईनं आमच्याकडे, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या संघाकडे, एकदा बघून घेतलं.

"नको सर," ती म्हणाली. "ह्यांना पळावं लागंल."