मढ्याच्या झग्याला खिसा

पिंगताईनं आयुष्यात मढ्यांचे तीनशेच्या वर झगे शिवले, आणि प्रत्येक झग्याला आतून, डाव्या बरगडीपाशी, एक खिसा लावला. तो खिसा पडद्यावर कधीच कुणाला दिसला नाही. दिसावा म्हणून लावलेलाही नव्हता.

शिवणकाम ती मावशीच्या दुकानात शिकली. दुकान हाँगकाँगमधल्या याऊ मा तेई वस्तीच्या एका अरुंद गल्लीत होतं आणि तिथे फक्त मयताचे कपडे शिवले जायचे. मावशीनं सुई हातात दिली त्याच दिवशी बजावलं होतं, की मेलेल्याच्या कपड्याला खिसा ठेवायचा नाही. खिसा असला की जाणारा माणूस जाताना मुलाबाळांचं नशीब त्यात भरून घेऊन जातो. पिंगताई तेव्हा चौदा वर्षांची होती. ते तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

चोविसाव्या वर्षी ती सिनेमाच्या स्टुडिओत शिवणकामाला लागली. हाँगकाँगला तेव्हा उड्या मारणाऱ्या मढ्यांच्या सिनेमांचं नुसतं वेड लागलं होतं. अंगात जुन्या राजवटीतल्या अधिकाऱ्याचा गडद निळा झगा, डोक्यावर गोल टोपी, कपाळावर मंतरलेला पिवळा कागद, हात समोर ताठ आणि दोन्ही पाय जोडून टणाटण उड्या. परगावी मेलेल्यांची अशी रांग एक तांत्रिकबुवा घंटा वाजवत त्यांच्या त्यांच्या गावी पोचवायचा. कागद उडाला की मढं बेफाम. मग पळायचं, चिकट तांदूळ फेकायचे, आणि काहीच जमलं नाही तर श्वास रोखून उभं राहायचं. श्वास नाही तिथे त्याला माणूस सापडत नाही. लोक अर्धा वेळ किंचाळायचे आणि अर्धा वेळ खिदळायचे, आणि कुठल्या वेळी काय चाललंय ते त्यांचं त्यांना कळायचं नाही. जिन्याजिन्यांवर पोरं गाल फुगवून श्वास कोंडून उभी असायची.

ड्रेसखात्याच्या ग्वान मास्तरांनी झग्याचा नमुना समोर ठेवला आणि पिंगताईनं तो पहिल्या नजरेत ओळखला. हे तर मावशीच्या दुकानातलंच कापड, तीच बेतणी. धडधाकट पोरांच्या अंगावर मयताचे कपडे चढवायचे हे तिच्या मनाला काही पटेना. मग तिनं खिसा लावला.

मास्तरांनी झगा उलटा करून पाहिला. "हा कॅमेऱ्याला दिसतो का?"

"नाही."

"मग कापड कशाला नासतेस?"

"ज्यांना दिसायला हवा त्यांना दिसतो," पिंगताई म्हणाली. "खिसा आहे म्हणजे आतला माणूस जिवंत आहे. चुकून न्यायला नको कुणी."

मास्तरांनी वर छताकडे पाहिलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पोरांना खिसा फार सोयीचा पडला. कुणी सिगरेट ठेवी, कुणी घोड्यांच्या शर्यतीचं कात्रण. मढ्यांच्या रांगेत सातवा उभा राहणारा यिप मान-चुंग मात्र संध्याकाळी झगा परत करताना खिशात एक खारवलेलं आलुबुखार ठेवून जायचा. पहिल्या दिवशी तिला वाटलं, विसरला. चौथ्या दिवशी तिनं ते खाल्लं.

एकदा दुपारच्या आत बारा झगे द्यायचे होते. अकरा झाले तोवर बाहेरून हाका सुरू झाल्या, आणि बारावा तिनं न्यायला आलेल्या चुंगला घाईघाईनं तसाच दिला. जेवणाचा डबा उघडल्यावर तिच्या लक्षात आलं. बाराव्याला खिसा नाही. तो कुणाच्या अंगात आहे हे विचारायचीही तिला गरज नव्हती. डबा टाकून ती धावली ती थेट चालू शॉटमध्ये. तांत्रिकबुवा घंटा वाजवत पुढे, मागे मढ्यांची रांग, आणि मधे सुईदोरा घेतलेली पिंगताई. दिग्दर्शकानं तिच्या सात पिढ्या काढल्या. तिनं ऐकून घेतलं आणि चुंगच्या झग्यात हात घातला. अंगावरच्या कपड्याला टाका मारायचा तर अपशकुन टळावा म्हणून तो कपडा ज्याच्या अंगात असेल त्यानं दातात दोरा धरायचा असतो. चुंगनं तो आपल्या खोट्या सुळ्यांमध्ये धरला आणि हात ताठ ठेवून उभा राहिला.

"मढ्याला खिसा कशाला लागतो, बाई?" दिग्दर्शक थकून म्हणाला.

"सुटे पैसे ठेवायला," चुंग दोऱ्यातून बोलला. "काम संपल्यावर बसनं घरी जायचंय."

सगळा सेट हसला. पिंगताई हसली नाही, तिनं शेवटचा टाका घालून गाठ मारली. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

तो सिनेमा पाहायला तिनं वडिलांना नेलं. म्हातारा चीनमधल्या तोइसानच्या गावाहून तरुणपणी पळून आला होता, आणि परत जायचं राहूनच गेलं होतं. आजूबाजूला लोक खुर्च्यांवर पाय घेऊन किंचाळत होते. हा मात्र डोंगरवाटेनं आपापल्या गावी निघालेली ती मढ्यांची रांग टक लावून बघत होता. बाहेर आल्यावर एवढंच बोलला, की बरं आहे, कुणीतरी पोचवतंय तरी. त्या दिवसापासून पिंगताईला त्या सिनेमांचं हसू पहिल्यासारखं आलं नाही, पण माया दुप्पट वाटायला लागली.

चारपाच वर्षांत लोकांचं वेड ओसरलं. स्टुडिओची शेड पाडली. पिंगताईनं चुंगचा झगा पिशवीत घालून घरी आणला आणि पुढची तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. चुंग मिनीबस चालवायला लागला. तो घरी यायच्या वेळी त्यांच्या इमारतीच्या जिन्यावर पोरं दबा धरून बसायची. हा हात पुढे करायचा की सगळी श्वास कोंडून भिंतीला चिकटायची.

गेल्या वर्षी चुंगला पंचाहत्तरावं लागलं. या वयाला मयताचे कपडे आधीच शिवून ठेवतात, त्यानं आयुष्य वाढतं म्हणतात. पिंगताईनं कापड आणायचं ठरवलं, तर चुंग म्हणाला, नवं नको, तोच झगा घालीन. शेवटची एन्ट्री आहे, लोक हसले तरी पाहिजेत.

झगा बाहेर काढला, तसा आतला खिसाही समोर आला. तो उसवायला हवा होता. त्यात मुलगी का-यिंग, एक्केचाळिसाव्या वर्षी, किती वर्षं वाट पाहून, पोटुशी. तिनं फोनवर सांगितलं, की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आई, तेवढा खिसा काढून टाक. पिंगताई हो म्हणाली. चष्मा लावून, कात्री घेऊन खिडकीशी बसली. एक टाका उचलला आणि तसाच सोडून दिला. दुसऱ्या दिवशी उजेड कमी होता. तिसऱ्या दिवशी कात्री बोथट वाटली. असे तीन महिने गेले.

मग डॉक्टरांनी चुंगच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेला गुरुवार दिला. बुधवारी पिशवी भरता भरता त्यानं विचारलं, "झगा तयार आहे ना?"

"नाही."

"खिसा?"

"आहे तिथेच आहे."

"अगं, पोरीला शब्द दिलायस तू."

"दिलाय ना. खिसा आहे तोवर तुला तो झगा घालून जाता येत नाही," पिंगताई मोजे घडी करत म्हणाली. "आणि दुसरं काही मी तुला घालू देणार नाही. तेव्हा घरी यायचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर थांबावं लागेल. माझे डोळे गेलेत, एक टाका उसवायला मला आठवडा लागतो."

तिनं स्वेटर पुढे केला तसे त्यानं बाह्यांसाठी दोन्ही हात समोर धरले, ताठ, बोटं खाली झुकलेली. गुडघे आता उडीला नाही म्हणत होते. पिंगताईनं स्वेटर तसाच छातीशी धरला आणि श्वास रोखला. चुंगनं मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे. तिच्या नाकासमोरून त्याची नजर दोनदा गेली.

"आत्ता तर इथे होती," तो पुटपुटला. "कुठे गेली माझी बाई?"

पुढच्या बुधवारी दुपारी का-यिंगनं त्याला टॅक्सीनं घरी आणलं. छातीवर पट्टी, आवाज बारीक. खुर्चीत टेकायच्या आधी तो कपाटाशी गेला आणि झग्यात हात घातला. खिशात आलुबुखार होतं.

"कडक आहे," तो चोखत म्हणाला.

"जुनं आहे," पिंगताई म्हणाली. "तुझ्यासारखं. बस आता."

का-यिंग एका हातानं पोट सावरत दारात उभी होती. तिनं खिशाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.